प्रमाणपत्र देशभर चालते, मग सेवा हद्दीवर का अडतात? : सीमाभागातील दृष्टिहीनांचे हक्क

सुमेधा_टिळकवाडी
माझा भाचा कर्नाटकच्या सीमाभागात, खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत पाचवीत शिकतो. त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार असल्याचे निदान झाले असून त्याची नजर कडेकडून आवळत चालली आहे. दिवसा समोरचे अक्षर तो अजून वाचतो. दिवेलागणीनंतर मात्र अंगणाची पायरीही त्याला पायाने चाचपावी लागते. मुलाला ‘खास शाळेत’ घालावे, असे शाळेने सौम्य शब्दांत सुचवले आहे. ती शाळा बेळगावात पाहावी, कोल्हापुरात की पुण्यात, आणि तिथे त्याने मराठी ब्रेल शिकावे की कन्नड, यावरून घरात दोन तट पडले आहेत.

दुसरा प्रश्न एका मुलापुरता नाही. आपल्याकडे हक्कांची चर्चा निघाली की ती भाषा आणि सीमा यांपाशी येऊन थांबते. दृष्टिहीन माणसाला दोन अडचणी एकदमच येतात: कागद त्याच्या भाषेत नसतो आणि असला तरी तो त्याला वाचता येत नाही. अशा वेळी मागणी कोणत्या दारात न्यायची, बंगळूरच्या की मुंबईच्या? जाणकारांनी कृपया अनुभवासह लिहावे.

काठी_आणि_वाट
सुमेधाताई, मी जन्मतः दृष्टिहीन आहे, बेळगावात नोकरी करतो आणि हा धागा फोनच्या टॉकबॅकवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवर) ऐकत आहे. शाळेचा विषय पुढे येईलच. आधी प्रमाणपत्राचे पाहा.

या आजारात एक फसगत हमखास होते. मुलाला भिंतीवरचा तक्ता वाचायला लावतात, तो मधली अक्षरे बरोबर वाचतो, आणि ‘नजर चांगली आहे’ असा शेरा पडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात अंधत्वाची व्याख्या दोन अंगांनी केली आहे. चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासह 3/60 पेक्षा कमी असणे हे एक अंग, आणि दृष्टिक्षेत्र 10 अंशांपेक्षा कमी असणे हे दुसरे. दोहोंपैकी एक पुरेसे आहे. दृष्टिक्षेत्र 40 अंशांच्या आत आले असेल, तर अल्पदृष्टीच्या वर्गात नोंद होऊ शकते. म्हणून वैद्यकीय मंडळापुढे जाताना फील्ड टेस्टचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा, अहवाल सोबत ठेवा आणि तो नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. नजर पुढे आणखी घटली, तर फेरतपासणीची मागणी करता येते.

त्याच कायद्याच्या कलम 58 मध्ये हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य राहील असे स्पष्ट लिहिले आहे. तुम्ही धाग्याच्या नावात विचारले आहे त्याचे अर्धे उत्तर तिथेच आहे: अपंगत्व देशभर मान्य आहे, पण त्यावर मिळणाऱ्या बहुतेक सवलती राज्याच्या आहेत.

कडोलीची_सून
हे आमच्या घरात घडलेले आहे. माझी धाकटी जाऊ दृष्टिहीन, चंदगड तालुक्यातील. तिच्या माहेरपासून आमचे घर दुचाकीने तासाभराच्या आत येते. लग्न होऊन ती इकडे आली आणि महाराष्ट्रातील तिचे दिव्यांग निवृत्तिवेतन बंद झाले, कारण ती आता तिथली रहिवासी राहिली नाही. इकडे अर्ज केला, तर रहिवासाचा जुना पुरावा मागितला गेला, जो नव्या सुनेकडे असणार कुठून? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशव्यापी ओळखपत्र) दोन्हीकडे मान्य झाले, हे खरे. पण मधल्या काळात तिच्या हातात कार्ड होते आणि पैसे नव्हते. चंदगड-बेळगाव सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. यापुढे स्थळ पाहताना पत्रिकेबरोबर रहिवासी दाखलाही जुळवून पाहावा लागेल, असे आमच्या सासूबाई म्हणतात.

जांबोटीकर
बसचेही तेच. कर्नाटकात अंधांना बसचा मोफत पास मिळतो. महाराष्ट्राच्या एसटीत भाड्यात 75 टक्के सवलत मिळते. दोन्ही योजना आपापल्या जागी चांगल्या आहेत. पण निपाणीचा माणूस कोल्हापूरच्या दवाखान्यात निघाला की पास सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत चालतो आणि पुढे पूर्ण तिकीट पडते. कोगनोळीच्या नाक्यावर आमच्या चुलत्यांना दृष्टी परत येते, असा सरकारचा समज असावा.

रेल्वे मात्र केंद्राची असल्यामुळे तिथे ही कटकट नाही. अंध प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला शयनयान, तृतीय वातानुकूलित वगैरे वर्गांत 75 टक्के सवलत आहे. बेळगावहून मिरजेला जायचे असेल, तर माझा सल्ला रेल्वेचाच राहील.

निपाणीकर_मास्तर
मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ब्रेल शिकवण्यात नोकरीची बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून सुमेधाताईंच्या घरातील दोन तटांविषयी लिहितो.

मराठी ब्रेल की कन्नड ब्रेल हा प्रश्न डोळसांना वाटतो तेवढा मोठा नाही. भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धत स्वीकारण्यात आली. तिच्यात चिन्ह ठरते ते ध्वनीवरून, लिपीच्या वळणाशी तिचा संबंध नाही. ‘क’ साठी पहिले आणि तिसरे टिंब. मग तो देवनागरीतला ‘क’ असो की कन्नडमधला. ‘ळ’ साठी चौथे, पाचवे, सहावे. ‘नगर’ हा शब्द मराठी मुलाने टोचला आणि कन्नड मुलाने टोचला, तर कागदावर उमटणारी टिंबे एकच असतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, त्यांच्यासाठी वेगळ्या खुणा शिकाव्या लागतात. ते काम फार तर आठवडाभराचे. भाषा शिकण्याची मेहनत अर्थातच वेगळी आणि ती कोणालाच चुकत नाही. पण डोळस मुलाला दुसरी बाराखडी गिरवण्यात जे वर्ष जाते, ते आपल्या मुलाचे वाचते.

ज्यांनी ब्रेल लिहिताना पाहिलेले नाही त्यांच्यासाठी: पाटीच्या दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवतात, प्रत्येक घर सहा टिंबांचे असते आणि स्टायलसने एकेक टिंब दाबत जायचे असते. टिंब कागदाच्या पाठीमागे उठते, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. नवशिक्या मुलाची पहिली तक्रार बोटांच्या दुखण्याची असते. दुसरी अशी की चुकलेले टिंब नखाने दाबून बसवले तरी बोटाला लागतच राहते.

माझे मत विचाराल तर ब्रेल आत्ताच, नजर शिल्लक असतानाच सुरू करावे. नजर पूर्ण गेल्यावर शिकायला बसलेले मूल दुःखात असते, आणि त्या अवस्थेत सहा टिंबे त्याला शिक्षेसारखी वाटतात.

यळ्ळूरचा_पाटील
मास्तर, सहा टिंबांनी सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल वाचलेला दिसत नाही, नाहीतर एवढी एकी दाखवली नसती.

थट्टा बाजूला ठेवून हरकत नोंदवतो. ‘टिंबे एकच आहेत, तेव्हा कन्नड शिकायला काय हरकत आहे’ या वाटेने उद्या दृष्टिहीन मराठी मुलांसाठी मराठी पुस्तकेच छापली जाणार नाहीत. डोळस मुलांच्या मराठी शाळांचे काय होत आहे ते आपण पाहतोच आहोत. मुलाला पुण्याला पाठवावे. तिथे 1934 पासून अंधशाळा चालते आहे आणि मराठीतून शिकवण्याची परंपरा आहे.

सुमेधा_टिळकवाडी
पाटीलकाका, दहा वर्षांच्या मुलाला आईपासून एवढ्या लांब पाठवायचे, तेही नजर जात असतानाच्या काळात? माझ्या बहिणीचे मन त्याला तयार होत नाही.

विधिज्ञ_खानापूर
कायद्यात काय आहे ते सांगतो, म्हणजे ‘पाठवावे लागेल’ या गृहीतकापाशी चर्चा अडकणार नाही.

2016 च्या त्याच कायद्यातील कलम 31 नुसार 6 ते 18 वर्षे वयाच्या, 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे. शाळेने सुचवणे वेगळे आणि नाकारणे वेगळे. कलम 16 नुसार सरकारी, अनुदानित व मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. त्याच कलमात अंध व कर्णबधिर मुलांचे शिक्षण त्यांना सर्वांत योग्य अशा भाषांमधून आणि माध्यमांतून झाले पाहिजे, असेही म्हटले आहे. पाटीलकाकांची काळजी ज्या मुद्द्याची आहे तो मुद्दा कायद्यात असा आयता पडून आहे, आणि सीमाभागात तो वापरलेला मी अजून पाहिलेला नाही. मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मराठी ब्रेल व मराठी ध्वनिपुस्तके मिळावीत, ही मागणी भाषिक आंदोलनाच्या व्यासपीठावरून करण्याची गरजच नाही. ती शिक्षण खात्याकडे लेखी अर्जाने करता येते.

कलम 17 मध्ये 18 वर्षांपर्यंत पुस्तके व साधने मोफत देणे, परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिक देणे आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देणे या तरतुदी आहेत. आपल्याकडे मराठी माध्यमात कन्नड ही पुढची भाषा म्हणून येते. त्यामुळे पालकांनी या सुटीचाही विचार करावा.

काठी_आणि_वाट
वकीलसाहेब, शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे, आणि जरा जोर देऊनच असहमत आहे.

ती सूट घेऊ नये. गुण वाढतात, निकाल चांगला दिसतो, आणि पुढे सरकारी भरतीचा अर्ज भरताना कन्नडची परीक्षा समोर उभी राहते. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी 4 टक्के राखीव जागा आहेत आणि त्यांतील 1 टक्का अंध व अल्पदृष्टी यांच्यासाठी आहे. त्या एका टक्क्यात माझी नोकरी आहे. मी मराठी माध्यमातून शिकलो, घरी मराठीच बोलतो, आणि कचेरीत दिवसभर कन्नडमधून काम करतो. शाळेत कन्नड टाळले असते, तर माझी जागा दुसऱ्याला गेली असती किंवा रिकामी राहिली असती. डोळस मराठी मुलाला कन्नड आले नाही, तर तो पुण्यात किंवा मुंबईत जाऊन काहीही करू शकतो. दृष्टिहीन माणसाला परिचित गावाची किंमत फार असते. कोणत्या वळणावर गटार उघडे आहे, कोणता रिक्षावाला नीट सोडतो, सीबीटीच्या (मध्यवर्ती बसस्थानकाच्या) कोणत्या फलाटाला कोणत्या गावची गाडी लागते, हे ज्ञान बरोबर घेऊन दुसऱ्या शहरात जाता येत नाही.

यळ्ळूरचा_पाटील
तुमच्या नोकरीविषयी आनंदच आहे. पण गावात राहण्याची किंमत म्हणून भाषा बदलावी लागते, हाच तर आमचा वाद आहे.

काठी_आणि_वाट
बदलली कुठे? आपण मराठीतच भांडत आहोत.

हुक्केरीची_शिक्षिका
कलमे वाचून बरे वाटले. आता जमिनीवरचे सांगते.

समावेशक शिक्षणासाठी तालुक्याला साधन शिक्षक असतात. ते चांगले काम करतात, पण त्यांच्याकडे सर्व प्रकारच्या अपंगत्वाची मुले सोपवलेली असतात, आणि ब्रेल हाताने शिकवू शकणारा शिक्षक आपल्या तालुक्याला मिळेलच असे नाही. त्यामुळे ‘जवळची शाळा’ निवडताना पालकांनी मुख्याध्यापकांना एकच प्रश्न विचारावा: ब्रेल कोण शिकवणार आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी? उत्तर ‘बघू’ असे आले, तर अर्ज तिथेच लेखी द्यावा.

ग्रामपंचायत पातळीवर पुनर्वसन कार्यकर्ता असतो, ज्याला सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात, आणि तालुक्याला एमआरडब्ल्यू, म्हणजे बहुउद्देशीय पुनर्वसन कार्यकर्ता. ही माणसे स्वतः बहुधा दिव्यांग असतात, मानधन तुटपुंजे असते, पण कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडला आहे हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. माझ्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याला मराठी वाचता येत नाही. तरी गावातल्या आजींना तो तोडक्यामोडक्या मराठीत निवृत्तिवेतनाचा अर्ज समजावून सांगतो आणि अंगठा घेण्याआधी कागदावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. दुसरे असे की, स्थानिक संस्थांनी आपल्या निधीचे 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्या रकमेचा हिशेब मागणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. पांढरी काठी, बोलके घड्याळ, ध्वनिपुस्तके ऐकण्याचे यंत्र, अशा वस्तूंची मागणी तिथे नोंदवावी.

पुणेरी_बेळगावकर
मला वाटते आपण महाराष्ट्राकडेही पाहायला हवे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील 865 गावांतील मराठी माणसाला महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशातही सीमाभागासाठी तरतूद आहे, आणि 2023 मध्ये महात्मा फुले आरोग्य योजनाही या गावांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. एवढे होत असेल, तर सीमाभागातील दृष्टिहीनांना एसटीची सवलत आणि मराठी ब्रेल पुस्तके महाराष्ट्राने का देऊ नयेत?

विधिज्ञ_खानापूर
पुस्तके मागा, जरूर मागा. निवृत्तिवेतन मात्र मागू नका. महाराष्ट्र देणार आहे असे नुसते कानावर आले, तरी इकडचा कारकून ‘मग तिकडूनच घ्या’ म्हणेल, आणि ते ऐकून घेण्याची वेळ जिला चालतानाही कोणाचा तरी खांदा धरावा लागतो अशा बाईवर येईल. आरोग्य योजनेच्या वेळी किती राजकीय धुरळा उडाला ते आठवा. जे कर्नाटकाचे कायदेशीर कर्तव्य आहे ते कर्नाटकाकडूनच वसूल केले पाहिजे.

अथणीचा_संगणकवाला
मुख्य अडचण निराळीच आहे, असे माझे म्हणणे आहे. सरकारी संकेतस्थळावरचे परिपत्रक उघडून पाहा. ते बहुधा कागद छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून चढवलेले असते. डोळसाला ते अक्षरांचे पान दिसते. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते एक चित्र असते आणि त्यात वाचण्यासारखे काहीच नसते. काही ठिकाणी मजकूर अक्षरांत असतो, पण जुन्या, युनिकोडपूर्व नुडी फॉन्टमध्ये. मग यंत्र निरर्थक रोमन अक्षरे बडबडू लागते. मराठीतही जुन्या श्रीलिपीच्या फायलींची हीच गत होते, तेव्हा एका भाषेला दोष देण्यात अर्थ नाही.

आता उलट बाजू पाहा. तेच कन्नड परिपत्रक युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या रूपात चढवले, तर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर ते कन्नडमध्ये वाचून दाखवतो, आणि ज्याला कन्नड समजत नाही तो फोनवर त्याचे मराठी भाषांतर करून ऐकू शकतो. भाषांतर ओबडधोबड असते, पण अर्जाची शेवटची तारीख कळण्यापुरते पुरते. म्हणून दृष्टिहीनांच्या बाजूने पहिली मागणी ‘मराठी परिपत्रक द्या’ अशी न करता ‘वाचता येईल असे परिपत्रक द्या’ अशी करावी, या मताचा मी आहे. कर्नाटक सरकार पहिल्या मागणीवर वर्षानुवर्षे वाद घालू शकते. दुसरीला नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरत नाही.

या बाबतीत न्यायालये बरीच पुढे गेली आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. तिथे वाद होता तो केवायसीसाठी ‘डोळे मिचकवा’ म्हणणाऱ्या यंत्राचा.

कडोलीची_सून
या यंत्राने आमच्या जाऊबाईंना फार छळले आहे. तिने मिचकवले तरी यंत्राला ते दिसत नाही. शेवटी केंद्रातील मुलगा म्हणाला, “तुम्हीच मिचकवा वहिनी, फोटो त्यांचा लावू.” मी नको म्हटले, म्हणून काम दुसऱ्या दिवसावर गेले.

जांबोटीकर
चुलत्यांना एका बँकेने अंगठा आणि दोन साक्षीदार मागितले. सही व्यवस्थित येते, आयुष्यभर शिक्षक होते. धनादेश पुस्तिकाही ‘तुमच्याच सुरक्षिततेसाठी’ नाकारली. यावर काही नियम आहे का?

काठी_आणि_वाट
आहे. 4 जून 2008 चे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक. धनादेश पुस्तिका, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड या सर्व सुविधा दृष्टिहीन ग्राहकाला भेदभाव न करता द्यायच्या आहेत, आणि धनादेश तिसऱ्या व्यक्तीच्या नावाचाही चालतो. त्याची प्रत फोनमध्ये ठेवा. शाखेत वाद न घालता तारीख सांगायची आणि नकार लेखी मागायचा. लेखी मागितले की बहुतेक नकार मागे घेतले जातात, असा माझा अनुभव आहे.

मतदानाच्या दिवशीही असेच धोरण ठेवतो. यंत्रावर ब्रेलच्या खुणा असतात, त्यामुळे मी स्वतः बटण दाबतो. ज्यांना सोबती हवा त्यांना निवडणूक नियम 49-एन नुसार तो नेता येतो. पण मतदान अधिकारी मला न विचारता सोबत आलेल्या माणसालाच विचारतात, “यांचे मत कोणाला?” गुप्त मतदानाची एवढी जाहीर चौकशी दुसऱ्या कोणाची होत नसेल.

पुणेरी_बेळगावकर
वाचनाविषयी थोडे अवांतर. आपल्याकडे हिवाळ्यात कडोली, यळ्ळूर, उचगाव अशी एकापाठोपाठ साहित्य संमेलने होतात, ग्रंथदिंड्या निघतात. त्यांत दृष्टिहीन वाचकासाठी काय असते? स्वामित्व हक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली असून, दिव्यांग वाचकाच्या उपयोगासाठी पुस्तकाचे ब्रेल, ध्वनी किंवा मजकूर रूपात रूपांतर करायला आता प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पुढे दृष्टिहीनांना पुस्तके सुलभ करण्याविषयीच्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने सर्वांत आधी मान्यता दिली आणि 2016 मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मग बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनी सीमाभागातील लेखकांची पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित का करू नयेत?

यळ्ळूरचा_पाटील
हे मात्र मान्य. आमच्या संमेलनाच्या बैठकीत मी हा विषय ठेवतो. वाचायला खणखणीत आवाजाची माणसे यळ्ळुरात भरपूर आहेत. त्यांना एका जागी गप्प बसवून पुस्तक वाचायला लावणे तेवढे अवघड.

अथणीचा_संगणकवाला
कन्नड बाजूलाही आपले लोक आहेत, हे या धाग्यावर कोणी तरी म्हणायला हवे. महांतेश किवडसण्णवर हे स्वतः दृष्टिहीन, आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. त्यांनी सहकाऱ्याबरोबर 1997 मध्ये बंगळुरात ‘समर्थनम्’ ही संस्था सुरू केली, आणि अंधांच्या क्रिकेटलाही देशात नाव मिळवून दिले. अशा संस्थांशी हातमिळवणी न करता सीमाभागातल्या मराठी दृष्टिहीनांची वेगळी चूल मांडली, तर दोन्ही चुली विझतील.

विधिज्ञ_खानापूर
सुमेधाताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण ‘कोणत्या दारात’ याचे नेमके उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

पहिले दार शाळेचे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचे, लेखी आणि पोच घेऊन. दुसरे, जिल्ह्याची दिव्यांगविषयक समिती; ती कलम 72 खाली असते. तिसरे, राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय कारवाई केली, किंवा शिफारस का मानली नाही, हे संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावे लागते. आयुक्त बंगळुरात बसतात म्हणून आपले लोक तक्रार करत नाहीत, पण तक्रार टपालाने पाठवता येते. भाषेचा मुद्दा स्वतंत्रपणे, दुसऱ्या अर्जात लिहावा: राज्यघटनेचे कलम 350-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याविषयी आहे. दोन्ही मुद्दे एकाच अर्जात मिसळले, तर कचेरी सोयीचा मुद्दा उचलून उत्तर देते आणि दुसरा गिळून टाकते.

पाटीलकाका, डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते तेव्हा आपण सगळे रस्त्यावर असतोच. त्या दिवसांत आमदार, मंत्री, सचिव बेळगावातच असतात. एक निवेदन केवळ या विषयाचे, मराठी व कन्नड दृष्टिहीनांच्या सह्यांचे, वेगळे द्यायला काय हरकत आहे?

यळ्ळूरचा_पाटील
सह्या दोन्ही भाषांतल्या चालतील. निवेदनावर बेळगावचे नाव मात्र ‘बेळगाव’ असेच लिहिणार.

निपाणीकर_मास्तर
ब्रेलमध्ये लिहून द्या, सचिवांना कळणार नाही.

सुमेधा_टिळकवाडी
सर्वांचे मनापासून आभार. घरी बोलणे झाले. भाच्याला याच शाळेत ठेवायचे, ब्रेलची मागणी लेखी करायची, कन्नडमधून सूट घ्यायची नाही आणि दहावीनंतर पुण्याचा विचार नव्याने करायचा, असे ठरले आहे. त्याची आई अजून ब्रेलचे नाव काढले की उठून आत जाते; तिच्याशी बोलायला मास्तरांनी वेळ दिला तर बरे होईल. अर्जाचा मसुदा हाताने लिहिला आहे, त्याचे छायाचित्र खाली जोडते. वकीलसाहेबांनी तपासावा आणि अथणीकरांनी कन्नड प्रत करून द्यावी, ही विनंती.

काठी_आणि_वाट
ताई, माझा फोन एवढेच म्हणतो: “चित्र.”

सुमेधा_टिळकवाडी
टाइप करून देते.

“मा. मुख्याध्यापक यांस, विनंती अर्ज. माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता पाचवीत शिकत असून त्याचे दृष्टिक्षेत्र कमी होत आहे. फील्ड टेस्टचा अहवाल सोबत जोडला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील कलम 16 व 17 नुसार त्याला मराठी ब्रेल शिकवणारा शिक्षक आठवड्यातून किमान दोन दिवस उपलब्ध करून द्यावा, पाचवीची पुस्तके मोठ्या अक्षरांत व ध्वनिरूपात मोफत द्यावीत, आणि चाचणी परीक्षेपासूनच वाढीव वेळ द्यावा. या अर्जावरील निर्णय लेखी कळवावा.”

विधिज्ञ_खानापूर
ठीक आहे. ‘निर्णय लेखी कळवावा’ च्या आधी ‘पंधरा दिवसांत’ घाला, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवल्याचे खाली नमूद करा.

अथणीचा_संगणकवाला
कन्नड प्रत आज रात्री युनिकोडमध्ये इथेच टाकतो. कोणी तिचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नये.